पहिली चीर

१

त्या साली सोसायटीत भोपळे किती आले होते, सोळा की सतरा, हे मोरेश्वररावांना आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. साल आठवतं, २०१८. वारही आठवतात. दसरा नेमका गुरुवारी आला होता, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी सणातच गेली, आणि त्यावरून लिफ्टमध्ये लोक आठवडाभर कुरकुरत होते, तेसुद्धा आठवतं. एवढं सगळं आठवतं आणि आकडा तेवढा आठवत नाही. म्हणजे खोट आठवणीत आहे की आकड्यात? हा प्रश्न त्यांनी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय, की आता कुठलंही उत्तर दिलं तरी ते बनवल्यासारखं वाटतं.

डॉ. मोरेश्वर बहिरट. धातुशास्त्रातली डॉक्टरेट, तीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणं, आणि निवृत्तीनंतर भोसरीच्या कारखान्यांत ओतीव भाग तपासून देणं. ओतलेल्या लोखंडाच्या पोटात पोकळी आहे का, भेग आहे का, हे तो न फोडता ओळखायचं. लहान हातोडीने टिचकी मारायची, कान लावायचा, आणि सांगायचं. "सरांच्या कानापुढे मशीन काय करणार," असं कारखानदार म्हणत. निदान तसं त्यांना आठवतं. एखाद्याने एकदाच म्हटलं असेल.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते रहाटणीत पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी मिनल मारुंजीत भाड्याने राहायची, हिंजवडीत नोकरीला होती. जावई कंपनीच्या कामाने वर्षभर जर्मनीत. त्यामुळे नात स्वरूपा, दुसरीतली, शाळेच्या बसने दुपारी अडीचला आजोबांच्या फाटकाशी उतरायची आणि सातला मिनल तिला घेऊन जायची. ते साडेचार तास म्हणजे मोरेश्वररावांचा दिवस. बाकीचे तास नुसते त्याच्या मागेपुढे लावलेले.

गणपतीच्या आधी एकदा ते बसपाशी गेले, मुलीचा हात धरला, जिना चढून वर आले, दप्तर उतरवलं, आणि पाण्याचा पेला पुढे करताना बघितलं, तर ती स्वरूपा नव्हती. तोच गणवेश, तशाच दोन वेण्या. ती मुलगीही एक अक्षर न बोलता आली होती. स्वरूपा खाली वॉचमनच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती.

मिनल ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाबा, दिवाळीपर्यंत बघू. आणखी एकदा असं काही झालं, तर तिला ऑफिसजवळच्या पाळणाघरात घालते. आणि तुमच्यासाठी तळेगावचं ते वृद्धांचं केंद्र बघू. तिथे चोवीस तास माणसं असतात."

तेव्हापासून ते खिशात लहान डायरी ठेवू लागले. काय केलं, किती वाजता केलं, सगळं लिहायचं. आणि दिवाळीपर्यंत कुणालाही कसली शंका येऊ द्यायची नाही.

२

भोंडला झाला, दसऱ्याचं सोनं वाटून झालं, कोजागिरीचं मसाला दूध झालं. आकाशकंदिलांना अजून अवकाश होता. मधल्या रिकाम्या आठवड्यावर मुलांची नजर गेली. मोबाइलवर बघून त्यांनी हट्ट धरला, आपल्याकडेही हॅलोविन पाहिजे, भोपळ्यांना तोंडं काढायची, आत दिवे लावायचे. महिला मंडळाची प्रमुख दिपाली असल्या कामात मागे राहणारी नव्हती. मोशीच्या बाजारातून टेम्पोने लाल भोपळे आले आणि तळमजल्यावरच्या हॉलमध्ये उतरले. हॉल म्हणजे पंपाच्या खोलीला लागून असलेली एक लांबट खोली. भोपळे चपटे, खरबुडे, हिरवट-पिवळे. चित्रातल्यासारखा नारिंगी एकही नाही.

अडलं ते यशोदाबाईंपाशी. सोसायटी जिथे उभी होती ते त्यांच्या सासऱ्यांचं रान. त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती.

"बाईमाणसानं अख्खं डांगर चिरू न्हाई," त्या दारातच म्हणाल्या. "आदी गड्याच्या हातची चीर पायजे. मग करा काय करायचं ते."

"अहो आजी, गडी सगळे कंपनीत!" दिपालीने कपाळाला हात लावला. "शनिवारी दुपारी कोण सापडणार?"

"ह्ये हायेत की सर. रिकामेच हायेत."

सगळ्या हसल्या. मोरेश्वररावही हसले. रिकामे म्हटल्याचं वाईट वाटलं नाही, उलट कुठेतरी आपलं नाव निघालं याचंच बरं वाटलं.

तळमजल्यावरची जास्मिन, जिच्या नवऱ्याचं, तौसिफचं, काळेवाडीत गॅरेज होतं, ती म्हणाली, "आमच्यात असं काही नसतं, मावशी. मी तर सरळ घेते आणि कापते."

"तू काप गं. पर तुझं डांगर ठेवणार हितंच ना, सगळ्यांच्या पंगतीत? मग त्यालाबी चीर."

"द्या सर, माझ्याही भोपळ्याला द्या. घरी सांगते, तुमचं काम सरांनी उरकलं."

"पण असं का?" मोरेश्वररावांनी विचारलं. शिकवण्याची सवय, कारण कळल्याशिवाय हात चालत नसे.

यशोदाबाईंनी त्यांच्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "का ते म्हाईत न्हाई. आपण आदी उघडावं, येवढंच म्हाईत."

शनिवारी चार वाजता काम सुरू झालं. देठाच्या बाजूला दोन बोटं लांबीची चीर, एवढंच. यशोदाबाई हळदकुंकू लावत, सर सुरी टेकवत, स्वरूपा नंबराची चिठ्ठी चिकटवी. जाड सालीत पातं शिरताना कर्रर्र आवाज येई आणि ओला, गोडसर वास सुटे. काम संपल्यावर सरांनी डायरीत लिहिलं: ४.१० सुरुवात, ४.५० शेवट, एकूण १६. बायका चहाला वर गेल्या.

"आजोबा, हा राहिला," स्वरूपा म्हणाली.

प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीमागे, पंपाच्या भिंतीला टेकून एक भोपळा होता. राखाडी हिरवा, इतरांहून थोडा उंच. सर गुडघ्यावर हात ठेवून कसेबसे खाली बसले. सुरी टेकवायला गेले आणि थांबले. देठापाशी चीर होती. दोन बोटं लांबीची.

"याला दिलीय की गं."

"मग नंबर कुठाय?"

"पडला असेल."

स्वरूपाने फरशी बघितली, खुर्च्यांच्या खाली बघितलं. चिठ्ठी नव्हती, हळदकुंकूही नव्हतं. मोजताना एक सुटला असेल, सरांनी मनाशी म्हटलं. आता कुठल्या तोंडाने दिपालीला सांगणार, की सर सोळापर्यंत मोजताना चुकले? त्यांनी सहज चिरेवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा अडला.

पातं बाहेरून आत जातं तेव्हा सालीची कड आत दबते. पत्रा असो, कागद असो, भोपळा असो, नियम तोच. मुलांना हे त्यांनी किती वर्षं शिकवलं होतं: कड बघा, कड खोटं बोलत नाही. इथे कड बाहेर उलटलेली होती. पेन्सिल कागदाच्या मागून घुसवली की पुढे जशी ओठासारखी कड येते, तशी. आणि तिला आतल्या गराचा एक ओला दोरा चिकटला होता, बाहेरच्या बाजूला.

३

रविवारी त्यांनी घरी प्रयोग केला. दिपालीने घारग्यांसाठी भोपळ्याची एक फोड पाठवली होती. त्यांनी सालीच्या बाजूने बारा चिरा दिल्या. बाराही वेळा कड आत. मग फोड उलटी करून गराच्या बाजूने पातं घुसवलं. कड बाहेर, ओठासारखी. मग ती शिजवली, गूळ घालून पीठ मळलं, आणि सात वेडेवाकडे घारगे तळले. छान झाले होते. खाता खाता कारणही सापडलं: ऑक्टोबरची उष्णता. साल वाळली की आक्रसते, कड वर येते. यात न समजण्यासारखं काय आहे?

तरी सोमवारी सकाळी ते भिंग घेऊन खाली गेले.

हॉलमध्ये जास्मिन खिडकीशी बसून नारिंगी कागद कापत होती. पंप चालू होता, त्याच्या घरघरीने फरशी तळव्यांना गुदगुल्या करत होती. सर खुर्च्यांमागे गेले. चीर आता दोन बोटं नव्हती. देठाला वळसा घालून ती वीतभर पुढे गेली होती. वळसा इतका सुबक, की कंपास लावून काढल्यासारखा. सालीवर रसाचा ओघळ नाही, फरशीवर थेंब नाही. कड मात्र सगळीकडे बाहेर.

"सर, काल किती वेळ बसला होतात इथे!" जास्मिन मान वर न करता म्हणाली.

"काल?"

"दुपारी. तीनच्या सुमाराला. आमची खिडकी इथेच ना, खरवडायचा आवाज येत होता. नारळ खवतात तसा. मी तौसिफना म्हटलंसुद्धा, बघा, सर या वयात पोरांसाठी किती हौसेने करतात. नाहीतर तुम्ही. रविवार आला की आडवे."

"तुम्ही मला पाहिलंत?"

"दार लोटलेलं होतं. पण तुमच्याशिवाय कोण असणार? चावी तर दिपाली आणि तुम्ही, दोघांकडेच आहे."

तिने आता वर पाहिलं. तिच्या कपाळावर एक बारीक आठी होती. गणपतीआधीची ती गोष्ट अख्ख्या इमारतीला माहीत होती.

रविवारी तीन वाजता आपण घरी होतो. होतो ना? ओट्याशी उभे होतो, फोड, पातं, बारा चिरा. त्यांनी डायरी काढली. रविवारच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ३.०० भोपळा. एवढंच. कुठला भोपळा, ते लिहिलेलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "मीच होतो."

जास्मिनची आठी गेली. "मग तुमचा नंबर कुठला, सर? कुणाच्या नावावर आहे तो?"

"असाच. जास्तीचा," ते म्हणाले, आणि भिंग खिशात टाकून वर आले. जिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपण जे बोललो ते खोटं होतं की खरं, हे आपल्याला ठाऊक नाही.

४

मंगळवारी दुपारी स्वरूपाने जेवताना विचारलं, "आजोबा, लोखंड कसं वाजवून बघतात ते भोपळ्याला चालतं?"

"चालायला पाहिजे. भरीव असेल तर ठस्स वाजेल, पोकळ असेल तर घुमेल."

"मी सगळे वाजवून बघितले."

"कधी?"

"आत्ता. बसमधून उतरल्यावर. तुम्ही वॉचमनकाकांशी बोलत होतात. हॉल उघडाच होता." तिने बोटाने ताटात रेघ ओढली. "सोळा ठस्स आहेत. तो मागचा नाहीये."

"घुमतो?"

ती विचारात पडली. बरोबर शब्द सापडेपर्यंत न बोलण्याची तिची सवय होती, ती आजोबांचीच. "घुमत पण नाही. मी कान लावला. तुम्ही झोपता आणि मी तुमच्या पोटावर कान ठेवते ना, तसं वाजतं."

सरांच्या हातातला घास ताटात राहिला.

ते तिला वर ठेवून एकटे खाली गेले. दार आतून बंद कर, मी आलो की तीनदा वाजवीन, असं बजावून. हॉलमध्ये कुणी नव्हतं. पंप बंद होता. खिडकीतून येणारं ऊन सोळा भोपळ्यांवर पडलं होतं आणि खोलीत कापलेल्या भोपळ्याचा वास आंबूस होऊ लागला होता. त्यांनी ठरवलं होतं, तो उचलायचा, कचऱ्याच्या गाडीत टाकायचा, विषय संपला. त्यांनी वाकून दोन्ही हात लावले. हलेना. पाच-सहा किलोच्या वस्तूला नव्वद-शंभर किलोचं वजन कसं असेल? कंबर धरली असेल. वय. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. मग कान लावायचं ठरवलं, कारखान्यातल्या सवयीने मान तिरकी केली, आणि कान सालीपासून चार बोटांवर असताना थांबले. त्यांना एकदम वाटलं, की पलीकडूनही कुणीतरी असंच थांबलंय.

ते उठून वर गेले. तीनदा दार वाजवलं. स्वरूपाने लगेच उघडलं आणि म्हणाली, "मघाशी का नाही उघडलं माहितीये? मघाशी दोनदाच वाजलं."

मघाशी आपण वर आलो होतो का? त्यांनी विचारलं नाही.

सातला मिनल आली. पायातल्या चपला न काढता सोफ्यावर टेकली, घारगा तोंडात टाकला, आणि डोळे मिटून म्हणाली, "आईच्या हातचे असेच वाकडे असायचे."

"तिचे गोल असायचे."

"नाही हो बाबा, वाकडेच. तुम्हीच चिडवायचात तिला." ती हसली. मग डोळे उघडून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सगळं ठीक?"

आता सांगावं. तळमजल्यावर एक भोपळा आहे, त्याला कुणीतरी आतून कापतंय, आणि तुझी मुलगी त्याला कान लावून आली. वाक्य त्यांनी मनात एकदा म्हणून पाहिलं. कुठल्याही मुलीने आपल्या बापाच्या तोंडून हे ऐकलं, तर ती काय करेल? ते स्वतः काय करतील?

"ठीक," ते म्हणाले.

"मी पाळणाघराचा फॉर्म आणला होता," मिनल म्हणाली. "पर्समध्येच आहे. पण नाही भरत, बरं का. ती इथे किती खूश असते. उद्या मी लवकर निघते ऑफिसातून, तुमचा कार्यक्रम बघायला."

ती गेल्यावर सरांनी डायरीत लिहिलं: ७.२० मिनल. फॉर्म नाही. त्या दोन शब्दांखाली त्यांनी रेघ ओढली. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आत काहीतरी हळूहळू खरवडत होतं.

५

बुधवारी, एकतीस तारखेला, दुपारपासून बायका हॉलमध्ये जमल्या. काढलेला गर पातेल्यांनी वर जात होता आणि घारगे, भरीत होऊन खाली येत होता. बिया वर्तमानपत्रावर वाळत घातल्या होत्या. मुलांनी स्केच पेनने तोंडं काढली होती, आयांनी ती कोरली. कुणाला मिशा, कुणाला गॉगल. जास्मिनच्या भोपळ्याला एकच दात होता, आणि "हा आमच्या साहेबांसारखा दिसतो" म्हणून ती सगळ्यांना दाखवत होती. खरोखर मजेचा दिवस होता. सरांनाही मधूनमधून ते जाणवत होतं, जसं तापातही कधी कधी चहा बरा लागतो.

"सर, हा मागचा कुणाचा?" दिपालीने विचारलं. "तोंड काढलेलं नाही याला. झाकण मात्र छान कापलंय, अगदी गोल."

झाकण. म्हणजे वळसा पूर्ण झाला होता.

यशोदाबाईंनी लांबूनच मान वळवली. "त्याला चीर कुणी दिली?"

खोली गप्प झाली नाही, पातेली वाजत होती, पोरं पळत होती. तरी सरांना वाटलं, सगळ्या जणी उत्तराची वाट बघतायत.

"मी," ते म्हणाले.

"तुमी दिली न्हवं? मग झालं," यशोदाबाई म्हणाल्या. पण नंतर कार्यक्रम संपेपर्यंत त्या दाराबाहेरच खुर्ची टाकून बसल्या.

सहाच्या सुमाराला मिनल आली. ओढणी सावरत सरांशेजारी उभी राहिली. स्वरूपाने पांढरी चादर पांघरली होती, डोळ्यांना दोन भोकं. तिचा हात सरांच्या हातात होता. बाहेर उजेड करडा झाला तेव्हा दिपालीने सोळा पणत्या लावल्या, एकेका भोपळ्यात ठेवल्या, आणि म्हणाली, "एक, दोन, तीन!" दिवे बंद झाले.

अंधारात सोळा तोंडं उजळली. मुलांनी एकच गलका केला. भिंतींवर मिशा, दात, गॉगल हलू लागले. सरांनी त्या तोंडांकडे पाहिलं नाही. ते खुर्च्यांमागच्या कोपऱ्याकडे बघत होते, जिथे पणती नव्हती.

तिथे अगदी थोडा उजेड पोहोचत होता. भोपळ्याचा उंचवटा दिसत होता आणि वरचा देठ. देठ वर गेला. सावलीमुळे असेल, ज्योत हलली असेल, असं म्हणायला त्यांना वेळ मिळाला. ते वाक्य त्यांना नीट आठवतं. झाकण बोटभर वर होतं. त्या बोटभर फटीतून आतल्या कडेवर काहीतरी फिकट, ओलसर टेकलं होतं. एकाशेजारी एक. मोजावं म्हणून त्यांनी मन एकवटलं, आणि तेवढ्यात ते आत गेलं आणि झाकण खाली आलं. पडलं नाही. कुणी तरी आतून ओढून घेतलं, आणि नीट बसावं म्हणून किंचित फिरवलं, पिठाच्या डब्याचं झाकण आपण फिरवतो तसं.

मग त्यांच्या लक्षात आलं, आपल्या हातात हात नाही. पांढरी चादर खुर्च्यांच्या चळतीला वळसा घालून कोपऱ्याकडे चालली होती. चादरीतून एक हात बाहेर आला, देठाच्या दिशेने.

इतके दिवस जपलेलं सगळं त्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं. फॉर्म नाही. रेघ ओढलेले दोन शब्द.

"हात लावू नको!" ते ओरडले. असा आवाज त्यांनी आयुष्यात काढला नव्हता. "स्वरूपा, मागे ये! आत कुणीतरी आहे! मी कापला नाही तो, मी खोटं बोललो, तो आतून कापलाय!"

खुर्च्या कोसळल्या. कुणी तरी दिवे लावले. एक मूल रडू लागलं, दोघं-तिघं घाबरून हसली. मिनलने धावत जाऊन स्वरूपाला चादरीसकट उचललं होतं आणि छातीशी इतकं घट्ट धरलं होतं, की पोरगी म्हणाली, "आई, दुखतंय." मिनलचा चेहरा पांढरा पडला होता. ती वडिलांकडे बघत नव्हती. बघवत नसेल, सरांना वाटलं. चारचौघांत आपण तिला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

दिपालीने झाकण उचललं. "बघा सर, काही नाही. रिकामा आहे."

रिकामाच होता. इतका साफ, की आतून पुसल्यासारखा. एक दोरा नाही, एक बी नाही. दिपालीने तो एका हाताने सहज उचलून तिरका करून सगळ्यांना दाखवला.

"चला बाबा," मिनल म्हणाली. तिने सामान घेतलं नाही, घारग्यांचा डबा घेतला नाही, निरोपसुद्धा घेतला नाही. दारातून जाताना यशोदाबाईंनी तिच्या हाताला स्पर्श केला, तर ती दचकली.

६

पुढचं सगळं रीतसर झालं. दिवाळीआधी मिनल त्यांना चिंचवडच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, शब्द पाठ करायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मग मिनल एकटी आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "वयाचं आहे, बाबा. थोडं आहे. काळजी घ्यायची, बस."

रहाटणीचा फ्लॅट डिसेंबरात विकला. इतक्या घाईने, की कपाटातली भांडीसुद्धा गिऱ्हाइकाला तशीच दिली. मोरेश्वरराव तळेगावच्या केंद्रात राहायला गेले. स्वरूपा पाळणाघरात जाऊ लागली. आजोबांना रविवारी भेटायची, दीड तास. मिनलच्या घरात भोपळा म्हणून कधी आला नाही. आपल्याला आठवण होऊ नये म्हणून ती एवढं जपते, याचं त्यांना भरून येई.

आपण आजारी आहोत, हे त्यांनी मान्य केलं. त्यात एक सुखही होतं. आपलंच डोकं बिघडलं असेल, तर त्या खोलीत काही नव्हतं, आणि स्वरूपाला कधीच धोका नव्हता. खणांवर चिठ्ठ्या लावायच्या, गोळ्या मोजून घ्यायच्या, नावं घोकायची. दर वर्षी आता जास्त विसरू लागू, म्हणून ते वाट पाहत. दर वर्षी काही विसरत नव्हते. हेही बहुधा विसरण्याचंच एक लक्षण असेल, अशी त्यांनी समजूत घातली.

सात वर्षांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि तिथल्या लोकांनी जुने कागद मागितले. मिनल म्हणाली, हरवले. तेव्हा चौदा वर्षांच्या स्वरूपाला घेऊन ते स्वतः चिंचवडच्या त्या हॉस्पिटलात गेले, अर्ज केला, तासभर बाकावर बसले. खिडकीतल्या बाईने जुन्या फाइलची प्रत हातात दिली.

तारीख बरोबर होती, नाव बरोबर होतं. स्मरणशक्तीच्या चाचणीत तीसपैकी एकोणतीस गुण. निदान: स्मृतिभ्रंशाची लक्षणं नाहीत, उपचारांची गरज नाही. खाली डॉक्टरांच्या तिरप्या अक्षरात चार ओळी होत्या. त्या त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचल्या, मग स्वरूपाकडून मोठ्याने वाचून घेतल्या, आपण चुकत नाही ना, हे पाहायला. ती अडखळली, पण वाचलं तेच. सोबत आलेल्या मुलीचं म्हणणं: दिवे बंद असताना झाकण आतून ओढून घेतलं गेलं, ते तिनेही पाहिलं आहे. घर तातडीने सोडायचं आहे. वडिलांना यातलं काही सांगू नये, अशी तिची विनंती.